बेसिन आणि नळ घरीच बदलताना : सात जोडांचं काम

डोंबिवलीच्या आमच्या जुन्या घरात बेसिनखाली एक प्लास्टिकचा डबा कायमचा ठेवलेला असायचा. दिवसभरात वाटी-दीड वाटी पाणी त्यात जमायचं आणि आई ते तुळशीला घालायची. नळाचं वॉशर दोनदा बदलून झालं, तरी डबा काही हलला नाही. मग एका पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या बाथरूमच्या छताला परातीएवढा ओलाव्याचा डाग पडला होता आणि पोपडे निघायला लागले होते. बेसिन उतरवलं तेव्हा कळलं, नळाचा दोष नव्हताच. बेसिनच्या तळाशी जाळीखाली जो पितळी तुकडा बसवतात, त्या वेस्ट कपलिंगचं खालचं रबर कडक होऊन तडकलं होतं. थोडं पाणी डब्यात पडत होतं, बाकीचं पाइपाला धरून भिंतीत जिरत होतं.

त्यानंतर मी आमची, मावशीची आणि बहिणीची मिळून पाच बेसिनं बदलली. त्यातून पक्कं समजलेलं एवढंच : हे काम चिनीमातीचं भांडं बदलण्याचं कमी आणि सात जोड कोरडे ठेवण्याचं जास्त आहे. भिंत आणि अँगल कॉक (भिंतीतून येणारं पाणी बंद-चालू करणारा छोटा कॉक), अँगल कॉक आणि कनेक्शन पाइप (कॉकपासून नळापर्यंतची नळी), कनेक्शन पाइप आणि नळ, नळ आणि बेसिनचं भोक, बेसिन आणि वेस्ट कपलिंग, कपलिंग आणि वेस्ट पाइप, वेस्ट पाइप आणि भिंत. गरम पाण्याचीही जोडणी असेल तर तीन जोड वाढतात, बॉटल ट्रॅप, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणारं बेसिनखालचं भांडं, लावला तर त्याचे आणखी दोन. काम करताना ही मोजणी डोक्यात ठेवा, म्हणजे एकही जोड नजरेतून सुटणार नाही.

आधी ठरवा, नक्की काय बदलायचंय

नळ नुसता टपकत असेल तर नळ काढायची गरज नसते. जुन्या फिरकीच्या नळात आतला स्पिंडल किंवा त्याचं रबर बदललं की भागतं, पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात सिरॅमिक कार्ट्रिज बदलावी लागते. आतला तुकडा सोबत घेऊन दुकानात जा. तोंडी वर्णन करून आणलेली कार्ट्रिज सहसा बसत नाही, कारण दात्यांची संख्या आणि लांबी वेगवेगळी असते.

बेसिनला केसासारखी बारीक रेघ दिसत असेल तर मात्र ते बदलाच. अशी रेघ चिकटवून टिकत नाही, आणि भिंतीवर टांगलेलं बेसिन भरलेलं असताना किंवा कोणी त्यावर हात टेकून उठताना तुटलं, तर चिनीमातीच्या कडा सुरीसारख्या कापतात. घरात वयस्कर माणसं असतील तर इथे चालढकल करू नका.

बेसिन उतरवायचंच आहे तर नळ, अँगल कॉक, कनेक्शन पाइप आणि वेस्ट कपलिंग हे सगळं एकदमच बदला. दहा वर्षांच्या अँगल कॉकला नवा नळ जोडला की वर्षभरात तोच कॉक गळायला लागतो, आणि मग तेच काम पुन्हा गुडघ्यावर बसून करावं लागतं.

दुकानात जाण्याआधीची मोजमापं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घालवा. कागदावर भिंतीचं साधं चित्र काढा आणि त्यावर आकडे लिहा. जुन्या बेसिनची रुंदी आणि भिंतीपासूनची खोली : आपल्याकडच्या जुन्या फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा 22 बाय 16 इंची किंवा 18 बाय 12 इंची सापडतं. जमिनीपासून बेसिनच्या वरच्या काठाची उंची. जमिनीपासून वेस्ट पाइपच्या भोकाची उंची. अँगल कॉकची उंची आणि तो मधल्या रेषेपासून किती डावी-उजवीकडे आहे ते. दोन बोल्टांच्या किंवा ब्रॅकेटांच्या मधलं अंतर. शेवटी बाथरूमचं दार पूर्ण उघडून बघा. मावशीकडे 18 इंचीच्या जागी हौसेने 22 इंची आणलं आणि दार काठाला थटायला लागलं. बेसिन परत करायला रिक्षाने जावं लागलं.

वेस्ट पाइपच्या भोकाची उंची महत्त्वाची का, तर नव्या बेसिनचं भांडं जास्त खोल असेल आणि खाली बॉटल ट्रॅप लावायचा असेल, तर ट्रॅपचं तोंड भिंतीतल्या भोकाच्या खाली येऊ शकतं. पाणी चढावर जात नाही. मग एकतर बेसिन वर घ्यावं लागतं, नाहीतर भिंत फोडावी लागते.

भिंत कशाची आहे तेही तपासा. ड्रिलमधून लाल भुकटी आली तर वीट, करडी आणि कठीण लागली तर काँक्रीट, पांढरट आणि लोण्यासारखी मऊ लागली तर हलके सिमेंटचे ब्लॉक. नव्या इमारतींमध्ये हे ब्लॉक सर्रास असतात आणि बोल्ट धरणारी साधी प्लास्टिकची गिट्टी त्यात धरत नाही. तिथे केमिकल अँकर (भोकात गोंदासारखा भरून बोल्ट घट्ट धरणारा मसाला) वापरा किंवा खाली पेडस्टल असलेलं बेसिन घ्या, म्हणजे वजनाचा मोठा भाग जमिनीवर जातो.

खरेदी : मजला बघून नळ घ्या

नळाच्या दुकानात दिसण्यावर जीव जडतो. तरी आधी स्वतःचा मजला आठवा. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो. सात मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर जवळपास 2 बार दाब असतो, तर सर्वात वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली, 0.3 ते 0.4 बारच. अनेक सिंगल लिव्हर मिक्सरना (एकाच दांडीने गरम-गार पाणी सोडणाऱ्या नळांना) नीट धार यायला याहून जास्त दाब लागतो. म्हणून वरच्या मजल्यावर राहत असाल आणि प्रेशर पंप नसेल, तर साधा पितळी पिलर कॉक, म्हणजे बेसिनच्या भोकात उभा बसणारा एकेरी नळ, घ्या. बहिणीकडे देखणा मिक्सर बसवला आणि हात धुवायला बोटाएवढी धार यायला लागली. नळाच्या तोंडाची जाळी काढून टाकल्यावर ती जरा सुधारली, पण मुळातला दाब कमी तो कमीच.

नळ हातात घेऊन वजन बघा. पितळी नळ जड लागतो, जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा दिलेला हलका. नळावर आयएस 8931 आणि बेसिनवर आयएस 2556 ही मानकं छापलेली आहेत का बघा. प्लास्टिकचे नळही मिळतात आणि खाऱ्या बोअरच्या पाण्यात ते गंजत नाहीत, त्यामुळे त्यांना नाक मुरडू नका. मात्र त्यांचा आटा नाजूक असतो, पान्याने आवळू नये.

वेस्ट कपलिंग घेताना एक प्रश्न स्वतःला विचारा : बेसिनच्या वरच्या काठाजवळ ओव्हरफ्लोचं भोक आहे का? असेल तर बाजूला खाचा असलेलंच कपलिंग घ्या, नाहीतर ओव्हरफ्लोचं पाणी आत अडकून राहील आणि बेसिनला वास येईल. भोक नसेल तर बिनखाचांचं घ्या. उलटं घेतलंत तर पाणी खाचेतून कपलिंगच्या आट्यावर येत राहतं आणि कितीही आवळलं तरी गळती थांबत नाही.

बाकी यादी छोटी आहे : अर्धा इंची अँगल कॉक, अर्धा इंची कनेक्शन पाइप, 32 मिलिमीटरचा वेस्ट पाइप किंवा बॉटल ट्रॅप, भिंतीचे बोल्ट त्यांच्या गिट्ट्यांसकट, टेफ्लॉन टेपच्या दोन रिळी, बुरशीरोधक सिलिकॉनची एक नळी आणि थोडं व्हाइट सिमेंट. कनेक्शन पाइप 18 इंची घ्यायचा की 24 इंची, हे तुमच्या चित्रावरून ठरवा. तो ताणून बसवायचा नाही आणि पिळूनही नाही.

हत्यारांत एक मोठा स्क्रू पाना, एक पाइप पाना, पक्कड, लेव्हल, टेप, ड्रिल, चाकू, बादली, जुनी चादर आणि टॉर्च. आणि तुमच्या भागातलं हार्डवेअरचं दुकान आठवड्यात कोणत्या वारी बंद असतं ते बघून दिवस ठरवा. काहीतरी आणायला परत जावं लागतंच.

पाणी बंद, मग बेसिन खाली

सकाळचं सगळ्यांचं आवरून झालं की सुरुवात करा. अँगल कॉकही बदलायचा असल्याने त्याला बंद करून उपयोग नाही, बाथरूमच्या लाइनचा मेन व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. तो माळ्यावर, डक्टमध्ये किंवा गच्चीवर असतो. गच्चीवरचा असेल तर त्या लाइनवरच्या सगळ्या घरांचं पाणी जाईल, म्हणून वॉचमनला आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगा. व्हॉल्व्हला चिठ्ठी बांधा, नाहीतर कोणीतरी मधेच उघडतं.

गरम पाण्याची जोडणी असेल तर गीझरचा स्विच आधी बंद करा, त्याला पाणी देणारा कॉकही बंद करा, आणि काम संपून नळातून सलग पाणी येईपर्यंत स्विच लावू नका. रिकामा गीझर चालू झाला तर त्याची कॉइल जळते.

आता बेसिनचा नळ उघडा, बाथरूममधला सगळ्यात खालचा नळही उघडा, लाइन रिकामी होऊ द्या. वेस्ट पाइपखाली बादली ठेवा, त्यातलं पाणी काळं आणि वासाचं असतं. वेस्ट पाइपचा नट सोडवा, मग कनेक्शन पाइप. बेसिन आणि टाइल यांच्यामधलं जुनं व्हाइट सिमेंट किंवा सिलिकॉन चाकूने पूर्ण कापून घ्या. हे न करता ओढलंत तर बेसिनबरोबर टाइलचा टवका निघतो.

यानंतर दुसऱ्या माणसाला बोलवा. बेसिन 10 ते 15 किलोचं असतं, ओलं असतं आणि धरायला त्याला कान नसतात. एकाने खालून आधार द्यायचा, दुसऱ्याने बोल्टचे नट सोडवायचे, मग दोघांनी मिळून सरळ पुढे उचलून चादरीवर ठेवायचं. वेस्टच्या भोकात लगेच कापडाचा बोळा कोंबा. घाण वास आणि झुरळं दोन्ही त्यातूनच वर येतात, आणि नटही त्यातच पडतो.

अँगल कॉक : इथे घाई नको

1990 च्या आसपासच्या इमारतींमध्ये भिंतीत जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे पाइप असतात. जुना कॉक त्या आट्याशी गंजून एकजीव झालेला असतो. पान्याला लांब नळी लावून जोर काढू नका. भिंतीतला एल्बो फिरला किंवा आटा आतच तुटला की टाइल फोडण्यावाचून मार्ग राहत नाही. आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा मारून ठेवा. सकाळी आधी किंचित आवळायच्या दिशेने हिसका द्या, मग सोडवायच्या. आवळताना गंजाची पकड सुटते. एवढं करूनही हलला नाही, किंवा फिरताना भिंतीतून कुरकुर आवाज आला, तर तिथेच थांबा आणि प्लंबरला बोलवा. ही एक जागा अशी आहे जिथे मी स्वतः दोनदा थांबलो आणि दोन्ही वेळा बरंच झालं. सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकची लाइन असेल तर कॉक सहज निघतो, पण तितक्याच सहज प्लास्टिकचा आटा चिरतो. आत पितळी आटा असलेला एल्बो आहे का, टॉर्च लावून बघा.

कॉक निघाला की भिंतीतला आटा जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करा. जुन्या प्लंबरांनी लावलेला धागा आणि सफेदा त्यात अडकलेला असतो, तो टोच्याने काढा. मग बादली धरून मेन व्हॉल्व्ह दोन सेकंद उघडायला सांगा. गंज आणि वाळू बाहेर येते. ती आता आली नाही तर नव्या नळाच्या कार्ट्रिजमध्ये जाऊन बसेल.

टेफ्लॉन टेप गुंडाळताना आटा स्वतःकडे धरायचा आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ताणून फिरवायची. आपल्याकडची टेप पातळ असते, 10 ते 12 वेढे लागतात. पहिला आटा मोकळा सोडा. कॉक हाताने जाईल तेवढा फिरवा, मग पान्याने एक ते दीड फेरा, आणि तोंड वर किंवा बाजूला हवं तिथे आलं की बस्स. जास्त फिरला तर मागे आणू नका. मागे आणलेला टेफ्लॉनचा जोड गळतो. पूर्ण काढा, नवी टेप लावा. चकती म्हणजे फ्लँज कॉकच्या आधी घालायला विसरू नका.

कॉक बंद करून मेन व्हॉल्व्ह उघडा आणि जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा. पहिला जोड इथेच तपासून झाला.

नळ आणि कपलिंग जमिनीवरच बसवा

बेसिन टांगून मग खाली वाकून नळ बसवण्याचा हट्ट करू नका. चादरीवर बेसिन उलटं ठेवून हे काम दहा मिनिटांत होतं, टांगल्यावर अर्धा तास आणि मानेचं दुखणं.

नळाच्या बुडाशी रबर, मग बेसिनचं भोक, खालून पुन्हा रबर, त्यानंतर धातूची चकती, शेवटी नट. धातू चिनीमातीला थेट टेकता कामा नये. नळ सरळ समोर बघतोय याची खात्री करून नट हाताने आवळा, मग पान्याने जेमतेम अर्धा फेरा. सिंगल लिव्हर मिक्सरबरोबर दोन बारीक लवचिक नळ्या येतात, त्या नळात फक्त हाताने फिरवायच्या. त्यांना ओ-रिंग असते, टेफ्लॉन लावायचं नाही.

कपलिंगच्या वरच्या कडेखाली सिलिकॉनचं एक सलग वळं द्या आणि भोकात बसवा. खाचा ओव्हरफ्लोच्या वाटेसमोर याव्यात. खालून जाड रबर, त्याची निमुळती बाजू वर, मग चकती आणि नट. आता वरचा भाग स्थिर धरून खालचा नट फिरवायचा, वरचा भाग फिरवला की सिलिकॉनचं वळं तुटतं. आमच्या घरी वर्षानुवर्षं डबा भरणारा जोड तो हाच. कडेने बाहेर आलेलं सिलिकॉन ओल्या बोटाने लगेच पुसा.

भिंतीवर टांगणं

वरच्या काठाची उंची जमिनीपासून 32 ते 33 इंच ठेवतात. घरातल्या माणसांना उभं करून बघा आणि इंच-दीड इंच इकडेतिकडे करा. मधली रेष आखा, नव्या बेसिनच्या भोकांचं अंतर मोजून लेव्हलने खुणा करा. अँगल कॉकच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच्या आडव्या रेषेत भोक पाडू नका, लपवलेले पाइप सहसा तसेच उभे-आडवे गेलेले असतात. भिंतीच्या पलीकडे गीझरचा किंवा आरशाच्या दिव्याचा पॉइंट असेल तर ती वायर कुठून येते याचा अंदाज घ्या, आणि ड्रिल बाथरूमबाहेरच्या कोरड्या प्लगवर लावा.

टाइलवर चिकटपट्टी लावून त्यावर खूण करा. आधी ड्रिलचा हॅमर बंद ठेवून काच-टाइलसाठीच्या बिटने सावकाश टाइल पार करा, वीट लागली की बिट बदलून हॅमर चालू करा. भोकाचा आकार गिट्टीवर लिहिलेला असतो, अंदाजाने मोठं पाडू नका. भुकटी फुंकून काढा, गिट्टी घट्ट बसवा, बोल्ट फिरवा. बेसिन टांगा, प्लास्टिकचं बुश आणि चकती घाला, दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. बेसिन हलायचं थांबलं की पुढे अर्धा फेरा पुरे. नवी बेसिनं फुटतात ती बहुतेक याच क्षणी.

जुने लोखंडी ब्रॅकेट मजबूत असतील आणि नवं बेसिन त्याच मापाचं असेल तर ते ठेवायला हरकत नाही. गंज खरवडून दोन हात रंग द्या.

वेस्ट पाइप, आणि एक नेहमीचा गोंधळ

बेसिनचं पाणी पुढे कुठे जातं ते बघा. अनेक फ्लॅटमध्ये ते जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये पडतं. एक बादली पाणी भिंतीतल्या भोकात ओता आणि नहाणीची जाळी उचलून बघा, लगेच कळतं. तसं असेल तर वास अडवणारं पाणी नहाणी ट्रॅपमध्येच उभं आहे, बेसिनखाली साधा पाइप चालतो. तिथेही बॉटल ट्रॅप लावला की दोन ट्रॅपांच्या मधली हवा अडकते आणि पाणी डुबुक डुबुक करत सावकाश जातं. पाणी थेट उभ्या ड्रेनेज लाइनला जात असेल तर मात्र बॉटल ट्रॅप हवाच, आणि त्यात निदान 50 मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं.

पाइप भिंतीत निदान दोन इंच आत जाऊ द्या, सतत उतार ठेवा, मधे झोळ पडू देऊ नका. भिंतीच्या भोकात रबर रिंग बसवा, ती मापाची मिळाली नाही तर कडेने व्हाइट सिमेंट भरा आणि वर फ्लँज सरकवा. ट्रॅपचे प्लास्टिकचे नट हातानेच आवळायचे.

कनेक्शन पाइपच्या दोन्ही टोकांना आतच रबर असतं, तिथे टेफ्लॉन लावू नका. टेपमुळे नट पूर्ण बसल्यासारखा वाटतो आणि रबर दबतच नाही.

कोरडा कागद

नळाच्या तोंडाची जाळी काढून ठेवा. अँगल कॉक अर्धा उघडा, नळ उघडा, मिनिटभर पाणी वाहू द्या, मग जाळी परत लावा. आता सातही जोडांवर एकेक करून कोरडा टिश्यू दाबा. बोटाला न जाणवणारं पाणीही कागदावर दिसतं. त्यानंतर बेसिन बुच लावून ओव्हरफ्लोपर्यंत भरा, दोन मिनिटं थांबा, एकदम सोडा आणि कपलिंग, पाइप, भिंत यांच्यावर पुन्हा कागद फिरवा. नुसती धार सोडून बघितलं तर खालचे तीन जोड कधीच नीट तपासले जात नाहीत, कारण पाण्याचं वजन त्यांच्यावर पडत नाही.

रात्री खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी ते कोरडं असेल तरच बेसिन आणि टाइल यांच्यामध्ये सिलिकॉन भरा आणि 24 तास तिथे पाणी लागू देऊ नका. आधीच भरलंत आणि नंतर गळती सापडली, तर सगळं कापून पुन्हा उतरवावं लागेल.

आठ दिवसांनी प्रत्येक नटाला हात लावून बघा, नवी रबरं दबून एखादा सैल झालेला असतो. अँगल कॉक दर दोन-तीन महिन्यांनी बंद-चालू करा, नाहीतर क्षार धरून तो जागीच अडकतो आणि नेमका गरजेच्या वेळी फिरत नाही. बोअरचं पाणी असेल तर नळाची जाळी महिन्यातून एकदा रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड नळाला लावू नका, क्रोम काळं पडून उडतं.

गृहनिर्माण सोसायटीत घरातल्या बेसिन-संडासाच्या गळतीची दुरुस्ती ज्या त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने करायची असते. तेव्हा काम झाल्यावर खालच्या घरी जाऊन त्यांच्या छताचा फोटो काढून घ्या आणि महिन्याने पुन्हा बघा. आमच्या काकूंच्या छताचा डाग वाळायला दोन महिने लागले, त्यानंतरच त्यांनी रंग लावून घेतला.

जुनं बेसिन ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकता येत नाही, ते राडारोड्याबरोबर द्यावं लागतं. नळ, कॉक आणि कपलिंग मात्र वेगळे काढा. जुनं पितळ जड असतं आणि भंगारवाला ते लोखंडात धरू पाहतो. क्रोम जरा घासून पिवळं दाखवा आणि पितळेचा भाव घ्या.